एका पुलावर दोन वरबाप

भोपाळहून आलेल्या पत्रात एवढंच विचारलं होतं, की पिंपळनाल्याच्या पुलावर भांडणं किती वेळा होतात.

पांढुर्ण्याहून सौंसरला जाताना साधारण निम्म्या वाटेवर पिंपळनाला लागतो. त्यावरचा दगडी पूल इंग्रजांच्या वेळचा, लांबीला भरपूर आणि रुंदीला एका गाडीपुरता. दोन्हीकडून रस्ता वळण घेत खाली उतरतो, त्यामुळे समोरून कोण येतंय हे पुलावर चढल्यावरच दिसतं. मध्ये दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाने मागं जायचं. बैलगाडीला मागं जाणं म्हणजे बैल सोडायचे, कठड्याला बांधायचे आणि गाडी हातानं ढकलत न्यायची. ते कुणालाच नको असतं.

पूल रुंद करा ही मागणी जुनी होती आणि तिची फाइल नागपूरला होती. छप्पन सालच्या नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेलं. आम्ही होतो तिथंच मध्य प्रदेशात राहिलो, राजधानी मात्र भोपाळला गेली आणि फाइल या दोन राज्यांच्या मध्ये कुठंतरी राहिली. नवे साहेब म्हणाले, मागणी नको, मोजमाप द्या.

माझे यजमान श्रीधर बांधकाम खात्यात ओवरसीयर होते. ते पत्र घेऊन माझ्याकडे आले, कारण मी नागपूरची बी.एस्सी. होते आणि पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होते.

"भांडण म्हणजे काय धरायचं?" मी विचारलं.

"भांडण म्हणजे भांडण. त्याला काय व्याख्या लागते?"

"लागते. आवाज चढला की भांडण असं धरलं, तर आपल्याकडे सकाळची विचारपूससुद्धा त्यात जाईल."

ते हसले. मी हसले नाही. बराच विचार करून मी एक व्याख्या ठरवली: हातातलं काम थांबलं की भांडण. पुलावर चाक थांबलं आणि दोघे बोलायला लागले की एक मोजायचं. चाक चालू ठेवून कुणी कुणाचे कितीही पूर्वज काढले तरी ते मोजायचं नाही.

खात्याच्या तक्त्यात रकाने होते: गाडी की मोटार, भरलेली की रिकामी, चढती की उतरती. नियम होता की भरलेल्या गाडीला आधी वाट. श्रीधर पुलाजवळच्या आंब्याखाली खुर्ची टाकून बसायचे आणि रोज संध्याकाळी गोंधळून घरी यायचे. भरलेल्या गाड्या मागं जात होत्या आणि रिकाम्या पुढं येत होत्या. एका रविवारी मीच सोबत गेले.

तासाभरात कळलं. सरकी भरलेली एक गाडी पुलाच्या मध्यावर आली आणि समोरून रिकामी.

"कोन गावचा गा तू?" भरलेल्या गाडीवाल्यानं विचारलं.

"सावरगावचा."

"कोनाचा?"

"किसन पाटलाचा पुतन्या."

"म्हंजे आमची शेवंता देल्ली थ्याच घरचा?"

"हाव, काकू लागते माही."

"मंग राहू दे बाप्पा. तू ये पुढं. मीच घेतो मांगं." आणि त्या माणसानं सरकीनं भरलेली गाडी, बैल सोडून, घामाघूम होत मागं ढकलत नेली. त्याच्या घरानं मुलगी दिली होती. मुलगी देणाऱ्यानं वाट द्यायची. त्या पुलावर हा एकच नियम चालत होता आणि तो तक्त्यात नव्हता.

मी तक्त्यात 'नातं' असा एक रकाना वाढवला. महिन्याभरात आकडे स्वच्छ दिसायला लागले. नातं निघालं की चाक थांबून लगेच सुटत होतं. नातं निघालंच नाही, जसं बाहेरच्या ट्रकवाल्यांचं, तर वेळ लागत होता. सगळ्यात जास्त वेळ लागत होता तो तिसऱ्या प्रकाराला: दोन्ही घरांनी एकमेकांना मुली दिलेल्या असल्या तर. मग दोघेही वरबाप असायचे आणि मागं जायला कुणीच उरत नसे.

तक्ता भोपाळला गेला आणि परत आला. 'नातं' हा रकाना लाल शाईनं खोडला होता. शेजारी शेरा होता, की नातं हे वाहतुकीचं परिमाण नाही.

तो शेरा वाचून मी हातातली वाटी जमिनीवर जरा जोरात ठेवली. कारण तिसऱ्या प्रकारातच आम्ही राहत होतो.

आमच्याकडे याला साटंलोटं म्हणतात. मी सौंसरच्या पुंडलिकरावांची मुलगी, पांढुर्ण्याच्या रघुनाथरावांची सून. रघुनाथरावांची मुलगी जयश्री माझ्या भावाला, वसंताला दिली. एकाच मांडवात दोन्ही लग्नं लागली. मी जयश्रीला वहिनी म्हणते, कारण ती माझ्या भावाची बायको. ती मला वहिनी म्हणते, कारण मी तिच्या भावाची बायको. ऐकणाऱ्याला हे गमतीचं वाटतं. आत राहणाऱ्याला त्याचा फार वीट येतो.

पुलाचं मोजता मोजता मी घरचंही मोजायला लागले. कागद नको म्हणून स्वयंपाकघरात एक बरणी ठेवली आणि व्याख्येत बसणारं भांडण झालं की तिच्यात एक चिंचोका टाकायचा. लपवलं काहीच नव्हतं. माझ्या सासूबाईंना, अंबाबाईंना, मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी चौथ्या दिवशीच विचारलं.

"हे चिंचोके काऊन जमा करून राहिली व?"

"घरात किती वेळा भांडण होतं ते मोजतेय, आत्याबाई."

"अगं माय! आन माहे किती त्यात?"

"कुणाचे किती असं वेगळं ठेवलेलं नाही. भांडणाला दोघं लागतात."

"दोघं लागतात म्हंजे? मी एकटी बोलते, तू तोंडात गूळ धरून बसते. मंग भांडन कसं झालं? काढ थो चिंचोका." लाटणं बाजूला ठेवून त्यांनी बरणीचं झाकण उघडलं. काम थांबलं होतं. मी नाइलाजानं आणखी एक चिंचोका टाकला. त्यावरून जे झालं त्याचाही एक टाकावा लागला.

पण मोजण्यातून एक गोष्ट हाती लागली. पांढुर्ण्यात आमच्या घरी काही झालं की दुसऱ्या दिवशी सौंसरला माझ्या माहेरी होत असे, आणि तिथं झालं की इथं. मधल्या काळात बस जाऊन आलेली असायची. बसचा कंडक्टर गुणवंता दोन्ही घरी पाणी प्यायला थांबायचा. "काय म्हनते पांढुर्णा?" असं माझी आई केसरबाई त्याला विचारायची आणि तो सांगायचा. बस आठवडाभर बंद पडली होती तेव्हा दोन्ही घरं शांत होती. मी हे श्रीधरना दाखवलं. ते म्हणाले, "मग काय, गुणवंताची बदली करू?" त्यांना सगळं पटत असे आणि ते त्याबद्दल काहीही करत नसत. मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर याचा.

फेब्रुवारीच्या मध्यात जयश्री एकटी, ट्रंक घेऊन, बसमधून उतरली.

सौंसरला तिनं कुरड्या घातल्या होत्या. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांकडे बघून माझी आई म्हणाली होती, की पांढुर्ण्याच्या हातच्या कुरड्या लालच पडायच्या. एवढंच. जयश्रीनं अर्ध्या कुरड्या तशाच टाकल्या, ट्रंक भरली आणि बस धरली. वसंत अडवायला गेला तर त्यालाही ऐकवलं.

अंबाबाईंनी मुलीला जवळ घेतलं, पाणी दिलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "आमची पोरगी इथं आली. मंग तुमची पोरगी तिथं जाईन."

"आत्याबाई, कुरड्यांवर मी काय बोलले?"

"तू नाई बोलली. तुही माय बोलली. वजन सारखं पाह्यजे."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. मामाजी पानाला चुना लावत होते आणि तो चुना फार काळजीपूर्वक लावावा लागत होता. मी श्रीधरकडे पाहिलं. ते म्हणाले, "चार-आठ दिवस जा. सगळं थंड होईल."

"पाच मार्चला माझ्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा आहे. बाहेरचे परीक्षक येणार. माझी नेमणूक हंगामी आहे. मी नसले तर मुख्याध्यापक दुसरा माणूस घेतील आणि तो राहील."

"तोवर येशीलच."

येईन कशी, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. रुसून किंवा पाठवून माहेरी आलेल्या सुनेनं स्वतःच्या पायानं परत यायचं नसतं. सासरच्यांनी न्यायला यायचं, नाहीतर माहेरच्यांनी पोचवायला जायचं. जो आधी हलेल तो खाली पडला. साध्या घरात मुलीचा बाप हलतो. आमच्याकडे दोघेही मुलीचे बाप होते आणि दोघेही मुलाचे.

सौंसरला बाबांनी मला पाहिलं, ट्रंक पाहिली आणि म्हणाले, "बरं केलं. आता पाहू रघुनाथराव किती दिवस दम काढते."

"बाबा, मला पाच तारखेच्या आत परत जायचंय."

"जाशीन ना. न्यायले येतीन तं जाशीन."

"ते म्हणतात, तुम्ही जयश्रीला न्यायला या."

"आमी काऊन जावं? आमी वरबाप."

एकाच गोष्टीची मी निरनिराळ्या शब्दांत मांडणी करून पाहिली. दर वेळी उत्तर तेच आलं. जामसांवलीच्या मारुतीला दोन्ही घरांनी दर्शनाला जावं, तिथंच मुली आपापल्या घरी जातील, कुणी कुणाच्या दारी जायला नको, असं मी सुचवलं. आईला आवडलं. गुणवंताबरोबर निरोप गेला आणि उत्तर आलं: जामसांवली सौंसरच्या अंगाला आहे. आमचे बैल जास्त चालतील, म्हणजे आम्हीच आल्यासारखं झालं. हे ऐकून मी बाहेर जाऊन विहिरीवर बादलीभर पाणी काढलं. पाण्याची गरज नव्हती.

आणि मग माझ्या मोजण्यात न बसणारी गोष्ट घडायला लागली. माहेरी मला आराम मिळेल असं सगळे धरून चालले होते, मीसुद्धा. पण आईच्या आणि माझ्या भांडणांनी सासरचा आकडा चार दिवसांत मागं टाकला. सासूसमोर मी गप्प बसायचे. आईसमोर कोण गप्प बसतं?

"भाजीत मीठ टाकाच्या आधी चमचा काऊन मोजून राहिली? हे काय तुही प्रयोगशाळा हाय?"

"मोजलं की रोज सारखं होतं, आई."

"रोज सारखं झालं तं जेवाले कोन येईन?"

"कुरड्या तरी कशाला लाल पडतात माहीत आहे? गव्हाचा चीक नीट निवळला नाही की पडतात. पांढुर्ण्याचा संबंध नाही."

"म्हंजे माहा चीक निवळला नाई?"

आईच्या हातातलं सूप थांबलं. चिंचोके मी सोबत आणले नव्हते, त्याचं तेव्हा बरं वाटलं.

गुणवंता पाणी प्यायला आला तेव्हा मी विचारलं, "तिकडं कसं आहे?"

"काय सांगू बाई. जयश्रीताई आन अंबाबाई, सकाळ-संध्याकाळ. ताई म्हनते सौंसरले तिखट असं टाकतात, थे म्हनते मंग जा सौंसरले. रघुनाथराव आजकाल दुकानातच जेवून राहिले."

बाबाही बागेतल्या झोपडीत जेवायला लागले होते. मृगाच्या बहाराची संत्री उतरवणं चालू आहे, असं ते सांगत. उतरवून झाल्यावरही ते तिथंच जेवत होते.

तेवढ्यात पंचक लागलं. पंचकात लेकीला घराबाहेर काढत नाहीत, असं दोन्ही घरी मानतात. निदान एका बाबतीत दोन्ही घरांचं एकमत होतं. पंचक तीन तारखेला रात्री सुटत होतं. चार मार्चला सोमवार, पाचला परीक्षा.

सोमवारी उजाडताना बाबांनी आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं गड्याला सांगितलं, की बसायची गाडी, धमणी, जुंप, पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये काम आहे. मग मला हळूच म्हणाले, "रिकामी गाडी चालली. याचं असन तं ये. तुही ट्रंक ठेवली मी." ट्रंकेशेजारी संत्र्यांचा एक करंडा होता. जिनिंगमध्ये संत्री कुणाला द्यायची, हे मी विचारलं नाही. आईनं दारातून पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. तिची चूल त्या दिवशी पुन्हा तिची होणार होती.

वाटेत उन्हं चढत गेली तशी माझ्या मनात एक हिशेब सुरू झाला आणि मला तो आवडेना. दोन्ही घरी पंचांग एकच. पंचक सुटल्याची वेळ एकच. बैल साधारण सारख्या चालीचे. दोन्ही घरांतल्या पुरुषांवर आलेली वेळही सारखीच. समजा, तिकडूनही कुणी निघालं असेल, तर दोन्ही गाड्या कुठं भेटतील?

"बाबा," मी म्हणाले, "नाल्याच्या अलीकडे जरा थांबू या."

"काऊन?"

"पलीकडून कुणी येतंय का ते पाहू."

"येईन तं येईन. थो घेईन मांगं." आणि त्यांनी बैलांना उतारावर सोडलं.

पुलाच्या बरोबर मध्यावर मामाजींची धमणी होती. मागच्या बाजूला, पाय खाली सोडून, जयश्री बसली होती. तिच्या मांडीवर पत्र्याचा डबा होता.

"राम राम, व्याहीबुवा," मामाजी म्हणाले. "इकडं कोनीकडं?"

"राम राम. काई नाई, जिनिंगले चाललो होतो. तुमी?"

"मी सौंसरले. म्हटलं, संत्र्याची कलमं पाहून यावं."

"पाहा ना बाप्पा. फक्त आमाले पहिले जाऊ द्या."

"जाऊ देतो ना. तुमी जरासक मांगं घ्या."

"मी काऊन घेऊ? तुमी पोरगी देल्ली आमाले. मी वरबाप."

"आन तुमी नाई देल्ली? थो पाहा तुमचा जावई, आंब्याखाली बसला. मी बी वरबाप."

श्रीधर खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. हातात तक्ता होता. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की त्यांना तो तक्ता डोक्यावर घ्यावासा वाटतोय.

बाबांच्या मागं पांढुर्णा स्टेशनवर जाणारा संत्र्यांचा ट्रक येऊन थांबला. मामाजींच्या मागं बस आली. गुणवंता उतरून पुढं आला, दोन्ही धमण्या पाहिल्या, दोन्ही वहिनी पाहिल्या आणि बसकडे वळून ओरडला, "उतरा हो सारे. पाय मोकळे करा. हे काई लवकर होत नाई." ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला.

"ओवरसीयर," मामाजींनी हाक मारली, "सांग बाप्पा, तुहा नियम काय म्हनते?"

"हाव, जावईबापू, सांगा," बाबा म्हणाले. "सरकारचं आमी मानू."

श्रीधर पुलावर आले. एकाचे ते चिरंजीव, एकाचे जावई. त्यांनी घसा साफ केला. "भरलेल्या गाडीला आधी वाट, असा नियम आहे."

दोघांनी एकमेकांच्या गाड्यांत डोकावून पाहिलं.

"माह्या गाडीत एक पोरगी, एक ट्रंक, एक करंडा," बाबा म्हणाले.

"माह्या गाडीत एक पोरगी, एक ट्रंक, एक डबा."

"करंडा डब्याहून जड असते."

"डब्यात काय हाय ते पाहा पहिले. पांढुर्ण्याच्या कुरोड्या हायत. पांढऱ्या फेक! विहीणबाईले दाखवाले धाडल्या पोरीच्या मायनं."

श्रीधर माझ्याकडे पाहायला लागले. पंधरा दिवसांपूर्वी मी त्यांच्याकडे असंच पाहिलं होतं. उद्या सकाळी परीक्षक प्रयोगशाळेचं दार उघडून उभे राहतील आणि मी इथं पुलावर, दोन वरबापांच्या मध्ये, करंड्याशेजारी बसलेली असेन, असं चित्र मला स्पष्ट दिसलं. वर्गात माझा आवाज ऐकायला मुलांना गप्प बसावं लागतं. पण त्या दिवशी ट्रकवाल्याचा हॉर्न थांबला, एवढ्या मोठ्यानं मी बोलले.

"बाबा, सोमवारी जिनिंग बंद असतं. मामाजी, मार्चमध्ये कुणी कलमं लावत नाही. तुम्ही दोघं कुठं निघालात हे या बसमधल्या शेवटच्या माणसालासुद्धा कळलंय. आता कुणीही पुढं यायची गरज नाही."

मी उतरले. ट्रंक ओढून खाली घेतली. जयश्रीकडे पाहून म्हणाले, "वहिनी, उतरा."

ती डबा काखेत घेऊन आधीच उतरत होती. "कवाची वाट पाहून राहिले, वहिनी."

धमणी आणि कठडा यांच्यात एका माणसापुरती फट होती. तिथं आम्ही समोरासमोर आलो. दोघींच्या हातात ट्रंका होत्या, त्यामुळे क्षणभर आमचीही कोंडी झाली. जयश्री हसायला लागली. "माय माही लय बोलते व वहिनी. पंधरा दिवसांत जीव नकोसा झाला."

"माझीसुद्धा. तिला चिकाचं काही सांगू नका."

मग ती कठड्याला टेकली आणि मी गेले. श्रीधरनी माझी ट्रंक घेतली आणि गड्यानं बाबांचा करंडा मामाजींच्या गाडीत आणून ठेवला. आता सौंसरची मुलगी पांढुर्ण्याच्या गाडीत होती आणि पांढुर्ण्याची सौंसरच्या. दोन्ही गाड्यांना जिथून आल्या तिथंच जायचं होतं.

"म्हंजे दोघायनंबी मांगं घ्याचं," मामाजी सावकाश म्हणाले.

"दोघायनंबी," बाबा म्हणाले. "पन पहिले कोन?"

जयश्रीनं कपाळावर हात मारला. मी डोळे मिटून घेतले.

"मी हाय ना!" गुणवंता ओरडला. "पहिले बस अन् ट्रक मांगं जाईन. मंग मी तीन म्हनतो. तीनले दोघायनं संगच ढकलाचं."

बस आणि ट्रक उलटे चढावर गेले. दोन्ही धमण्यांचे बैल सोडले. बसमधले प्रवासी एका गाडीला लागले, ट्रकवाला आणि त्याचा क्लीनर दुसरीला. गुणवंतानं एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हटलं. दोन्ही गाड्या जागच्या हलल्या नाहीत. बाबा मामाजींकडे पाहत होते आणि मामाजी बाबांकडे, समोरचा खरंच हलतो का ते. दुसऱ्यांदा तीन म्हणायच्या आत जयश्रीनं तिकडून आणि मी इकडून चाकाला हात घातला आणि प्रवाशांनी आमचं ऐकलं.

अंतर वाढत गेलं तसे दोघे वरबाप मऊ झाले. "तब्येत सांभाळा, व्याहीबुवा," मामाजींनी हात वर केला. "येजा एकदा निवांत!" बाबा पलीकडून ओरडले. दोघांनीही हे पूर्ण मनापासून म्हटलं, असं मला वाटतं. मग बस आधी की ट्रक आधी यावरून पुलाच्या दोन टोकांना नवीन सुरू झालं आणि श्रीधर धावत आंब्याखाली गेले.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा तक्ता हातातच होता.

"आजचं काय लिहू? मागं कोण गेलं, असा रकाना आहे. दोघंही गेले."

"तसंच लिहा."

"भोपाळला कळेल?"

"नाही कळणार," मी म्हणाले. "आणि पुढच्या वेळी मला पाठवायचं ठरलं, तर तुम्ही आधी बोला. मी पुलावर पुन्हा ओरडणार नाही."

त्यांनी मान हलवली. मग माझ्या शाळेची पेटी त्यांनी उचलून दाराशी नेऊन ठेवली, सकाळी लवकर निघताना हाताशी असावी म्हणून. त्यात परीक्षेत मुलांना ओळखायला द्यायच्या क्षारांच्या पुड्या होत्या. पुड्यांवर अजून क्रमांक घालायचे होते.

स्वयंपाकघरात अंबाबाई पोळ्या लाटत होत्या. माझ्याकडे न पाहता त्यांनी सुरुवात केली.

"पुलावरून परत धाडलं. घरी नाई नेलं, पानी नाई इचारलं, चहा तं दूरच. हेच का तुह्या माहेरची रीत? माणूस एवढ्या उन्हात गेला, बैल घामानं भिजून आले. अन् संत्री पाहा. वरचा थर गोड, खालचा आंबट. मले माहीत होतं. कुरोड्या पोचल्या का तरी? का थ्याबी पुलावरच ठेवल्या?"

"पोचल्या, आत्याबाई. वहिनींनी डबा काखेतून सोडला नाही."

"सोडीन कशी. पोरगी कोनाची हाय?" त्यांनी पोळी तव्यावर टाकली आणि नवा गोळा घेतला. "तुही माय काय म्हनते ते उद्या गुनवंता सांगीनच."

मी बरणीकडे हात नेला होता. मग त्यांच्या हातांकडे पाहिलं. लाटणं फिरत होतं, न थांबता, बोलण्याच्या तालावर, आणि पोळी गोल होत चालली होती.

मी बरणीचं झाकण तसंच राहू दिलं आणि पुड्यांवर क्रमांक घालायला बसले.